करवंदीचे कुंपण

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी परसदारी एल्डरबेरीची झुडपे लावली. पहिला बहर आला तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने छायाचित्रे पाठवली आणि सोबत एक प्रश्न विचारला: या झुडपाला मराठीत काय म्हणावे? आम्ही दोनचार कोश चाळले, जाणत्यांना विचारले, आणि शेवटी कळवले की काहीच म्हणू नये. एल्डर हे थंड हवेचे झाड. युरोपात ते जागोजागी उगवते, त्याचे काही भाऊबंद हिमालयाच्या उतारांवर आढळतात. परंतु आपल्या सह्याद्रीत त्याचा वावर नाही. ज्याच्याशी ओळखच नाही, त्याला नाव कोठून असणार?

उत्तर पाठवले खरे, पण प्रश्न मनातून जाईना. नाव नसले तरी नाते असू शकते. इंग्लंडात एल्डर बहुधा शेतांच्या कुंपणांत दिसतो. पुष्कळदा तो कुणी मुद्दाम लावलेला नसतो. पाखरे बी टाकतात आणि तो उगवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला काळ्याजांभळ्या फळांचे घोस येतात. ती फळे कच्ची खाल्ली तर पोट बिघडते. शिजवून त्यांचा पाक, मुरंबा किंवा मद्य केले तर वर्षभर पुरते. कुंपणात वाढणारे, काळी फळे देणारे, पाखरांनी पसरवलेले आणि स्वयंपाकघरातील संस्कारांनी खुलणारे झुडूप आपल्याकडे कोणते? अँटॉप हिलच्या ज्या जुन्या वसाहतीत आम्ही राहतो, तेथील तळमजल्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर उत्तर समोरच उभे होते. करवंदी.

प्रस्तुत लेख करवंदीच्या लागवडीविषयी आहे, आणि तितकाच तो कुंपणाविषयीही आहे. या काटेरी झुडपाचा माग काढू गेल्यास तो एका पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातून आणि इंग्रजांच्या मिठाच्या जकातीतून फिरत पुन्हा अँटॉप हिलच्या पायथ्याशी येतो. तो प्रवास येथे मांडण्याचा विचार आहे.

मराठी वाचकाला करवंदाची ओळख करून देणे हा खरे तर आगाऊपणाच. तरीही शहरात वाढलेल्या पिढीसाठी चार शब्द लिहिणे भाग आहे. संस्कृतात या फळाला करमर्द म्हणतात, आणि चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत त्याचा उल्लेख आहे. करवंदी सदाहरित असते. तिचे काटे लांब, कडक आणि बहुधा जोडीने येणारे. पान खुडले किंवा फांदी मोडली की पांढरा चीक वाहू लागतो. थंडी सरता सरता चांदणीसारखी पांढरी फुले येतात. त्यांचा वास जाईजुईची आठवण करून देतो. हिरवे फळ पुढे लालसर होते आणि पिकले की काळे. सह्याद्रीच्या कातळावर जेथे दुसरे फारसे काही तग धरत नाही, तेथे करवंदीच्या जाळ्या माजलेल्या असतात. ‘जाळी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. आत शिरणे कठीण, बाहेर पडणे त्याहून कठीण, अशी ती जागा.

मुंबईकराला हे फळ मे महिन्यात भेटते. कर्जत-कसाऱ्याकडील आदिवासी बाया पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात आणि स्टेशनाबाहेर, बाजाराच्या तोंडाशी पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. करवंद दातांनी अर्धे तोडून आतला रंग पाहायचा, लाल निघाला तर कोंबडा आणि पांढरा निघाला तर कोंबडी, हा खेळ आमच्या पिढीतील बहुतेकांनी खेळलेला आहे. जंगलातील करवंद असे लहान, काळे आणि गोड. बागेत लावतात ते करवंद आकाराने मोठे, गुलाबी-पांढरे आणि आंबट. ते मुख्यतः लोणच्याचे आणि चटणीचे. केकवर आणि मिठ्या पानात ‘चेरी’ म्हणून जो लालभडक तुकडा मिळतो, तो पुष्कळदा रंग दिलेल्या पाकातील करवंदाचाच असतो. ज्या करवंदाला आपण गावंढळ म्हणून हसतो, त्यालाच नाव बदलून आल्यावर पाहुण्यांपुढे ठेवतो.

कच्च्या करवंदाला चीक फार. चिरताना बोटे चिकटतात, सुरी चिकटते, आणि तसेच खाल्ले तर ओठही चिकटतात. म्हणून जुन्या बायका फळे चिरून मिठाच्या पाण्यात टाकत. मिठाने चीक सुटतो, तुरटपणा उतरतो आणि फळ टिकते. करवंद आणि मीठ यांची ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. स्वयंपाकघरात जी जोडी इतकी जुळली, ती इतिहासात एकमेकींच्या विरुद्ध कशी उभी राहिली, ते पुढे येईलच.

करवंदाचे मुंबईशी असलेले ग्रंथगत नाते सुमारे साडेचारशे वर्षांचे आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला. तो मूळचा ज्यू कुळातला. धर्मन्यायसभेच्या भीतीची छाया त्याच्या घरावर कायम होती. वैद्यकीचा लौकिक आणि राज्यकर्त्यांची मर्जी यांमुळे त्याला मुंबईचे बेट भाडेपट्ट्याने मिळाले. पुढे इंग्रजांनी जेथे किल्ला उभारला, त्या भागात त्याचे घर आणि बाग होती. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधे यांवर संवादरूपाने चर्चा आहे. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यातील एका संवादाचा विषय वेलदोडा आणि करवंद असा आहे. वेलदोडा हा व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जगभर जाणारा श्रीमंत माल. त्याच्या पंगतीला डोंगरातले फुकटचे फळ बसलेले पाहून आम्हांस मौज वाटली. ओर्ताने फळाचे नाव येथील लोकांच्या तोंडून घेतले, ‘करंदा’च्या वळणाने लिहिले, आणि यथावकाश ते युरोपच्या शास्त्रीय नामावळीत गेले. लिनियसने 1767 साली या झुडपाला जे नाव दिले ते आहे कॅरिसा करंडास. ओर्ता 1568 साली वारला. धर्मन्यायसभेने 1580 साली त्याची हाडे उकरून जाळली. माणसाला मेल्यावरही कुंपणाबाहेर काढता येते, हे त्या काळाने असे दाखवून दिले. त्याने नोंदवलेले नाव मात्र कुणाला पुसता आले नाही.

आता कुंपणाकडे वळू. आपल्याकडे शेताला, वाडीला, परसाला काटेरी झुडपांची वई करण्याची चाल फार जुनी आहे. कोकणात दगडाचा गडगा आणि त्यावर काटेरी झाडोरा, देशावर निवडुंग, शेर किंवा बाभळीची काटी. करवंदी या कामासाठी फार सोयीची. गुरे तिच्या वाटेला जात नाहीत, तिला पाणी घालावे लागत नाही, छाटली की ती अधिक दाट होते आणि वर फळ देते. अशा कुंपणाचे काम गुरे अडवण्याचे असे. शेजाऱ्याची पोरे त्यातूनच करवंदे खात, पाखरे त्यात घरटी करत, आणि येण्याजाण्यापुरती कवाडी किंवा फट हमखास ठेवलेली असे. कुंपण म्हणजे हद्द खरी, पण फळ देणारी आणि वाट ठेवणारी हद्द.

एकोणिसाव्या शतकात मात्र याच झुडपाला एका वेगळ्या नोकरीवर नेमण्यात आले. बंगाल इलाख्यात मिठावर जबर कर होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो कमी होता, आणि राजपुतान्यातील संस्थानांत मीठ त्याहून स्वस्त पडे. स्वस्त मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या पोटातून जकातीची एक रेषा आखली. 1869 च्या सुमारास ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैल पसरली होती आणि तिच्या पहाऱ्यावर जवळपास 12,000 माणसे होती. खानदेशाच्या वेशीवरील बऱ्हाणपूरच्या मुलखापर्यंत ती येऊन पोहोचली होती. या रेषेच्या मोठ्या भागावर आधी वाळलेल्या काट्यांचे कुंपण घातले गेले. ते वाळवी खाई, वणव्यात जळे, वादळात उडे. तेव्हा वरिष्ठांनी ठरवले की जिवंत कुंपण लावावे.

या कामाला खरा जोर आला तो 1867 ते 1870 या काळात जकातीचे आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यामुळे. ह्यूम हे हाडाचे निसर्ग-अभ्यासक. हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील त्यांचे काम आजही आदराने सांगितले जाते. त्यांनी जमिनीप्रमाणे झाडे निवडली: कोठे बाभूळ, कोठे बोर, कोठे निवडुंग, कोठे थोर, आणि कोठे करवंदी. चर खणले, माती बदलली, पाण्याची सोय केली. कुंपण जेथे नीट वाढले तेथे ते पुरुषभर उंचीच्या वर दहाबारा फुटांपर्यंत गेले आणि तितकेच रुंद झाले. शेकडो मैल लांबीची ही जाळी ठरावीक अंतरावरील चौक्यांवरच काय ती उघडी असे, आणि तेथे प्रत्येक गाडीची, प्रत्येक गाठोड्याची झडती होई.

उद्यानशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा एक अचाट प्रयोग होता. कोणत्या मातीत कोणते झुडूप, किती अंतरावर, कोणत्या ऋतूत लावावे, याचा इतका मोठा उद्योग क्वचितच कुणी केला असेल. पण ज्या जमिनीतून तो गेला तेथील शेतकऱ्याला त्याचे काय? मीठ ही चैनीची वस्तू नव्हे. उन्हात राबणाऱ्या माणसाला आणि त्याच्या गुराला ते अन्नाइतकेच लागते. ‘कुंपणच शेत खाते’ ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. गुरे अडवण्यासाठी माणसाने जी करवंदी हाताशी धरली होती, तीच आता माणसालाच अडवून उभी होती, आणि तिच्या पलीकडे होते ते मीठ. ज्यावाचून तिच्याच फळाचे लोणचे होत नाही.

इतके प्रचंड कुंपण लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसून गेले. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने जुनी कागदपत्रे आणि नकाशे घेऊन त्याचा शोध घेतला, उत्तर प्रदेशात इटाव्याच्या बाजूला त्याचा उरलेला एक तुकडा त्याला सापडला, आणि 2001 साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ही कथा पुन्हा लोकांपुढे आली. योगायोग असा की 1857 च्या धामधुमीत ह्यूम याच इटाव्याचे जिल्हाधिकारी होते.

1 एप्रिल 1879 रोजी जकातीची ही रेषा उठवण्यात आली. येथे घाईने सुटकेचा निःश्वास टाकू नये. रेषा उठली ती दयेपोटी नव्हे. सांभर सरोवरासारखी मिठाची मोठी ठिकाणे सरकारच्या ताब्यात आली होती. मीठ जेथे तयार होते तेथेच कर घेता येऊ लागल्यावर वाटेत अडवण्याची गरज उरली नाही. शिवाय कुंपण नको असेल तर सगळीकडे कर सारखा हवा. तो सारखा करण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातला आणि बंगालचा कर खाली आणला, आणि मुंबई व मद्रास इलाख्यांतला मणामागे 1 रुपया 13 आण्यांवरून 2 रुपये 8 आण्यांवर नेला. दख्खन तेव्हा 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळातून नुकता बाहेर पडत होता. तिकडचे कुंपण निघाले आणि त्याचा काटा इकडच्या माणसाच्या पायात मोडला. 1882 च्या कायद्याने आणि मुंबई इलाख्यापुरत्या 1890 च्या कायद्याने मिठागरांवरची पकड अधिक घट्ट झाली. कुंपण आता देशाच्या पोटात नव्हते, ते मिठागराच्या बांधावर येऊन बसले होते.

आणि मिठागर म्हटले की आम्ही घरी परतलो. अँटॉप हिल हे नाव अंतोबा नावाच्या कुणा जमीनमालकावरून पडले असे सांगतात. टेकडीच्या भोवतालचा वडाळा आणि पूर्वेकडची खाडी हा पिढ्यान्‌पिढ्या आगरांचा आणि खाजणांचा प्रदेश. भरतीचे पाणी बांधाआड घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवायचे आणि फाळ्याने मीठ ओढायचे, हा येथला धंदा. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराची आख्यायिकादेखील मिठाशी जोडलेली आहे. विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती मिठाच्या व्यापाऱ्यांना सापडल्या, असे भाविक मानतात. आज आषाढीला ज्या प्रतिपंढरपुरात लाखोंची रांग लागते, त्याच्या पायाशी मिठाचे खडे आहेत असे म्हणायला हरकत नाही.

6 एप्रिल 1930 रोजी दांडीला मीठ उचलले गेले. 5 मे रोजी मध्यरात्र उलटल्यावर गांधीजींना अटक झाली. 21 मे रोजी धारासण्याला सत्याग्रहींची डोकी फुटली, ही हकीकत शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. शिरोड्याचा सत्याग्रहही मराठी वाचकाला परका नाही. त्या मानाने वडाळ्याचे नाव कमी घेतले जाते. वस्तुतः त्याच मे महिन्यात वडाळ्याच्या मिठागरांवर एकामागून एक धाडी पडत होत्या. 1 जून 1930 रोजी तर सुमारे 15,000 लोकांचा जमाव तेथे लोटला. घोडेस्वार पोलिसांचे हल्ले चालू असताना लोकांनी पुन्हा पुन्हा पोलिसांचे कडे तोडले आणि हाताला लागेल तितके मीठ उचलून नेले. गिरगाव, परळ, दादर यांना वडाळा काही लांब नाही. ज्या शहराने कधी मिठाचे दुर्भिक्ष पाहिले नाही, त्या शहरातील माणसे चिखल तुडवत मूठभर मिठासाठी धावली; कारण प्रश्न मुठीचा नव्हता, बांधाचा होता.

येथे इतिहासाची एक गाठ आहे आणि ती आम्हांस विलक्षण वाटते. जकातीचे कुंपण जोपासणारे ह्यूम 1882 साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. 28 डिसेंबर 1885 रोजी मुंबईत, गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रीय सभा स्थापन झाली. अधिवेशन पुण्यास व्हायचे होते. तेथे पटकी पसरल्यामुळे ते मुंबईस आणले गेले. या सभेच्या संस्थापकांत अग्रभागी होते तेच ह्यूम. त्यानंतर 45 वर्षांनी त्याच सभेचे स्वयंसेवक, त्याच मुंबईत, मिठाच्या बांधावर चाल करून गेले. ह्यूम तो दिवस पाहायला नव्हते. ते 1912 साली वारले. अखेरच्या वर्षांत त्यांनी आपला जीव पुन्हा झाडांत गुंतवला आणि 1910 साली लंडनमध्ये एक वनस्पतिशास्त्र संस्था स्थापन केली. एकाच माणसाने लोकांना अडवणारी जाळी लावावी आणि पुढे त्या लोकांना एकत्र आणणारी सभाही उभारावी, याचा न्याय काय करायचा? आम्हांस एवढेच दिसते की त्यांचे वनस्पतींचे ज्ञान दोन्ही काळांत सारखेच खरे होते. प्रश्न ज्ञानाचा नव्हता, ते कुणाच्या बाजूने उभे केले याचा होता.

मे-जून हे मुंबईत लोणच्यांचे दिवस. वडाळ्याहून उचललेल्या त्या मिठातील चार खडे एखाद्या चाळीतील करवंदांच्या बरणीत पडले असतील, अशी कल्पना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. तसे झाले असेल तर करवंदाची आणि मिठाची ताटातूट तेथे संपली असे म्हणता येईल. मिठाचा कर मात्र आणखी काही वर्षे राहिला. तो गेला 1947 साली.

आणखी एका कुंपणाचा उल्लेख केला नाही तर लेख अपुरा राहील. जकातीची रेषा उठण्याच्या आदल्याच वर्षी, 1878 साली, वनांचा कायदा झाला आणि डोंगर ‘राखीव’ होऊ लागले. ज्या जाळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या करवंदे गोळा केली, त्या जाळ्यांपाशी जाणे हा आता सरकारच्या मर्जीचा विषय झाला. आदिवासींचा गौण वनोपजावरील हक्क कायद्याने मान्य व्हायला 2006 साल उजाडावे लागले. स्टेशनाबाहेर द्रोण मांडून बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना हे आठवावे. तिने ते फळ काट्यांतून काढले आहे, आणि काट्यांपेक्षा अवघड कुंपणांतूनही.

आता लागवडीविषयी, कारण ज्या स्नेह्यांच्या पत्रापासून आरंभ झाला त्यांना तेही कळवायचे आहे. करवंदीचे बी ताजेच पेरावे. ठेवले की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. पिकलेल्या फळातील बी काढून गर आणि चीक निघेपर्यंत धुवावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिशवीत किंवा वाफ्यात टाकावे. दोनतीन आठवड्यांत कोंब येतात. फांद्यांची छाटकलमे सहसा लागत नाहीत. एखाद्या चांगल्या झाडाचीच रोपे हवी असतील तर पावसाळ्यात गुटी बांधावी. रोप वर्षाचे झाले की जागेवर लावावे. कुंपणासाठी दोन ते तीन फूट अंतर पुरते. फळासाठी एकटे झाड लावायचे तर त्याला सात-आठ फूट मोकळी जागा द्यावी. मोठ्या फळाची हौस असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात पाहावी. ऊन भरपूर हवे. पाणी पहिली एकदोन वर्षे. पुढे ती मागत नाही. मुंबईच्या पावसात मुळाशी पाणी साचू देऊ नये, एवढीच काळजी. तिसऱ्या वर्षापासून फळ धरू लागते. छाटणी फळे उतरल्यावर करावी, आणि हातमोजे घालून करावी. फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली उत्तम जमते. खारवट जमिनीतही करवंदी बऱ्यापैकी तग धरते. खाडीच्या भरावावर वसलेल्या आमच्यासारख्या वसाहतींना हा गुण फार मोलाचा आहे. जेथे गुलाब मान टाकतो तेथे करवंदी फुलते.

आमच्या इमारतीमागील करवंदीची रांग बरीच जुनी आहे. कोकणातून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाने ती लावली असे आम्ही ऐकत आलो. मागील काही वर्षांत आसपासच्या बहुतेक इमारतींची जिवंत कुंपणे गेली आणि त्या जागी भिंती आल्या. भिंतीवर काचा, काचांवर तार. आमच्या बैठकीतही तो प्रस्ताव आला. काटे मुलांना लागतात, जागा फार अडते, दोन गाड्या अधिक उभ्या राहतील, आणि पलीकडच्या वस्तीतील पोरे आत येतात, अशी कारणे मांडली गेली. पहिली तीन कारणे खोटी नव्हती. खरे कारण चौथे होते, हे सर्वांना कळत होते. कुंपणाच्या एका टोकाला अंग चोरून एक मूल शिरेल एवढी फट आहे, आणि करवंदांच्या दिवसांत पलीकडची मुले तेथून येतात. आजवर त्यांनी करवंदांखेरीज काही नेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

बैठकीत आम्ही ह्यूमची गोष्ट सांगितली नाही. तेवढा वेळ कुणाला नसतो. एवढेच म्हणालो की भिंत घालायची तर घाला, पण ती कुणाला अडवण्यासाठी घालतो आहोत ते ठरावात स्पष्ट लिहा. ते लिहायला कुणी तयार झाले नाही. रांगेचा अर्धा भाग गाड्यांसाठी गेला, अर्धा राहिला, आणि फट राहिलेल्या भागात आहे. ती बुजवावी असे अधूनमधून कुणीतरी सुचवते. करवंदी स्वतःही ती बुजवू पाहते. दर पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी नवे फुटवे तेथे झुकतात. मग फळे उतरल्यावर, हातमोजे घालून, आम्ही तेवढे फुटवे छाटतो.

एल्डरबेरीला मराठीत नाव सुचल्यास वाचकांनी जरूर कळवावे. आणि ज्यांच्या घरी वडाळ्याच्या 1930 सालच्या आठवणी कुणाच्या तोंडून ऐकलेल्या असतील, त्यांनी त्या लिहून काढाव्यात, ही विनंती. ते मीठ ज्यांनी उचलले, त्यांच्यापैकी आज कुणी उरलेले असणे कठीण. ऐकणारे अजून आहेत.